घाटाचं गाणं मध्येच सोडलं तेव्हा

सातव्या वर्षी मी एका मराठी मालिकेत बोबडं बोलणारी मुलगी झाले. "आई, मी हलवले!" म्हणजे 'हरवले', हे माझं वाक्य त्या काळी लोक लग्नाच्या पंगतीतही म्हणायचे. पुढे कॉलेजात असताना चंदेरी बूट घालून पॉपचा अल्बम केला. त्यातलं एक गाणं वरातींत वाजलं, बाकीची कुणी ऐकली नाहीत. मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे मी सिंगापूरला, बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये आले.

आमच्याच ब्लॉकमध्ये एक निवृत्त चिनी शिक्षक राहतात. संध्याकाळी खालच्या बाकावर गिटार घेऊन बसतात. कंट्री गाणी मला त्यांनीच ऐकवली: ट्रकवाल्यांची, लांबच्या रस्त्यांची, मागे सुटलेल्या घरांची. ती गाताना लाडिक व्हावं लागत नव्हतं. मी मराठीत तशी गाणी लिहू लागले, आणि रविवारी दुपारी आम्ही दोघं एका पबमध्ये गाऊ लागलो.

इथल्या महाराष्ट्र मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावलं तेव्हा मी घाटातल्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचं गाणं निवडलं. शिक्षकांना मराठीचं अक्षरही कळत नाही, तरी कुठल्या शब्दावर थांबायचं हे त्यांनी माझ्याकडून शिकून घोटलं होतं. कार्यक्रमाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

पहिलं कडवं झालं. लोक शांत होते, जरा जास्तच शांत. मागच्या रांगा वड्यांच्या टेबलाकडे सरकायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक काकू ओरडल्या, "अगं, ते हलवले म्हण ना!"

टाळ्या सुरू झाल्या. मी नाही म्हणू शकले असते. पण मी माइक हातात घेतला, मान तिरकी केली, ओठांचा चंबू केला आणि म्हटलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. "वन्स मोअर" आला, मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मागे गिटारचा तोच एक कॉर्ड हळू हळू चालू होता. शिक्षक वाट बघत होते, मी दुसरं कडवं कधी उचलते याची. मी वळून पाहिलंच नाही. सूत्रसंचालिकेने पुढचं नाव पुकारलं तेव्हा ते थांबले, आणि आपलं स्टँड आपणच उचलून विंगेत गेले.

घरी परतताना एमआरटी मेट्रोत माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, व्हाय यू टॉक लाइक बेबी? अंकल वॉज वेटिंग, यू नो."

 

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या दारात जाऊन माफी मागितली. ते हसून सिंगापुरी ढंगात म्हणाले, "नेव्हर माइंड लाह. दे लाइक यू." मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "त्या बाईचा ट्रकवाला घरी येतो का शेवटी? तू मला शेवटचं कडवं शिकवलंस, पण अर्थ सांगितला नव्हतास."

मी त्यांच्या दारात उभ्या उभ्याच अर्थ सांगायला लागले, आणि मध्येच मला रडू फुटलं. त्यांनी आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला, एरवी गाण्याचा विषय निघाला की हातात येणारी गिटार मात्र आणली नाही.