औषध आईला, पथ्य बाळाला

माझी मुलगी तीन आठवड्यांची होती. मी बाळंतपणासाठी माहेरी, कोथरूडला आले होते आणि नवरा अमेरिकेत बसून संगणकांना सन दोन हजार म्हणजे काय ते समजावून सांगत होता. अशात माझ्या डाव्या बाजूला दूध साकळलं. गाठ आली, छाती लालबुंद झाली आणि दोन शाली गुंडाळूनही हुडहुडी थांबेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारलं, अमॉक्सिसिलिनच्या जातीचं एक अँटिबायोटिक लिहून दिलं आणि म्हणाल्या, "बाळाला पाजत राहा. दुखऱ्या बाजूलाही." घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं.

"तुला ताप आहे," आई म्हणाली. "त्या असं म्हणतीलच कशा?"

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. छापलेलं काहीही न वाचता टाकणं त्यांना जमत नसे. भेळेचा कागदसुद्धा ते भेळ संपल्यावर वाचून काढत. कॅप्सूलच्या खोक्यातला घडीचा कागद त्यांनी भिंगाखाली धरला.

"गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, असं लिहिलंय."

"मग सल्ल्यानेच घेतेय ना, बाबा!"

"हो, पण लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच."

झालं. औषध चालू तोवर दूध बंद, असा निकाल लागला. आईबाबांचं एकमत मी माझ्या लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर थेट आत्ता. बाबा तासाभरात पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आले. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. परदेशातून बोलणं महाग, त्यामुळे तो नेहमी गाडी सुटल्यासारखा बोलायचा. "इंटरनेटवर बघतो, मेल टाकतो," म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळी बाबा सायबर कॅफेत जाऊन ती मेल छापून घेऊन आले. एका पानावर चालतं, दुसऱ्या पानावर चालत नाही, तिसऱ्यावर टकलावर केस उगवणारं तेल.

लेकीला मात्र या वाङ्मयाशी कर्तव्य नव्हतं. तिनं बाटलीचं रबरी बूच चाखलं आणि अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचे विचारायला वर आले. ती तिकडे आईच्या मांडीवर रडतेय, इकडे माझा गाऊन भिजतोय आणि गाठ दगडासारखी घट्ट होत चाललीय. तिला बाटलीची सवय लागली आणि माझं दूध आटलं तर? या विचारानं मी रडले. संताप होता, ठणका होता, पण सगळ्यात जास्त भीती होती.

"काही होत नाही," आई म्हणाली. "तूही डब्यावरच वाढलीस. ठणठणीत आहेस की."

"ठणठणीत आहे आणि तापटही आहे," मी म्हटलं. "रिक्षा बोलवा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचं. सगळ्यांनी."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आमची वरात पाहिली. दूध बंद केल्याचं सांगत बाबांनी घडीचा कागद पुढे केला. तो न घेताच त्या म्हणाल्या, "औषध दिलंय हिला. पथ्य करतेय तीन आठवड्यांची मुलगी. छान!"

मग आवाज जरा खाली आणून त्यांनी समजावलं. या औषधाचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो, त्यानं बाळाला सहसा त्रास होत नाही. शी पातळ झाली, अंगावर पुरळ आलं किंवा तोंड आतून पांढरं दिसलं, तर दाखवायला आणायचं. दूध आत तुंबलं तर मात्र गाठ पिकेल. आणि ताप उतरला म्हणून कॅप्सूल अर्ध्यावर सोडायच्या नाहीत.

"सगळीच औषधं अशी नसतात, म्हणून आधी विचारायचं," त्या बाबांना म्हणाल्या. "आणि विचारलंत, तर मग ऐकायचंही."

मी तिथेच पडद्याआड बसून लेकीला पाजलं. पहिला घोट ठणकला, मग दोघींनाही सुटल्यासारखं झालं. पडद्यापलीकडून आईचा आवाज आला. एवढ्या हलक्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"हिच्या वेळी मलाही अशीच गाठ आली होती. सासूबाई म्हणाल्या, औषध आहे तोवर पाजायचं नाही. मग आटलंच ते. तेव्हा पाजलं असतं तर चाललं असतं का हो?"



"तेव्हा कोणतं औषध होतं ते मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित चाललंही असतं. पण तुम्हाला कुणी सांगितलं नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

परतताना रिक्षावाल्यानं चांगला वळसा घातला, तरी आई त्याला एक शब्द बोलली नाही. तेव्हा मला तिची खरंच काळजी वाटली. एरवी असा वळसा घालणारा रिक्षावाला आमच्याकडून धड परत जात नसे.

ताप उतरला, गाठ विरली, औषधाचा कोर्स मी शेवटच्या कॅप्सूलपर्यंत पुरा केला. लेक पिऊन पिऊन गुटगुटीत झाली. उरला तो डबा. दुकानदार फोडलेला डबा परत घेत नाही, हे बाबा समक्ष विचारून आले होते. एका सकाळी आईनं त्या पावडरीत साखर आणि वेलदोडा घालून वड्या थापल्या. मी लेकीला घेऊन बसले होते, दोन्ही हात गुंतलेले. आई ताटली घेऊन आली, लेकीकडे बघत उभी राहिली आणि एक वडी तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातली.

"खा," ती म्हणाली. "तुझ्या वाटणीचं राहिलंय माझ्याकडे."

वडी चांगलीच कडक झाली होती. मी तिला ते सांगितलं नाही.