शाळेसाठी आजीचा फोटो

ईरा, तू तिकडे परदेशातल्या तुझ्या शाळेसाठी माझा फोटो मागितलास, तेव्हा मी लगेच पाठवला. अंगावर सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, पुढ्यात शब्दकोडं. त्यावर फोनवर तुझा आवाज आला, "आजी, हा नको गं. यात तू इंडियन वाटतच नाहीस. त्या सिनेमातल्या आजीसारखा पाठव ना, मोठ्या नथवाला!"

तो सिनेमा मी पाहिलाय. त्यातली आजी पोळ्या लाटतानाही नथ घालते आणि बोलता बोलता नाचू लागते. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. नाचले एकदाही नाही. पण तुला कुठल्या तोंडाने रागावू? शेजारी नव्याने राहायला आलेल्या पंजाबी बाईंना मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुमच्याकडे रोज भांगडा होत असेल ना?" त्या म्हणाल्या, "दीदी, आमच्याकडे रोज गुडघे दुखतात." माणूस भेटायच्या आधीच त्याचं चित्र आपल्या मनात येऊन बसलेलं असतं. ते उठवायला सहवास लागतो. मी तुला वर्षातून आठ दिवस भेटते. सिनेमा तुला हवा तेव्हा भेटतो.

शेवटी मी चापाची नथ नाकाला लावली, समोरच्या घरातल्या सुनेची शिवलेली नऊवारी चढवली आणि तिच्याकडूनच फोटो काढून घेतला. तो मिळताच तू आनंदाने ओरडलीस, "आता तू खरी आजी दिसतेस!"

फोन ठेवून मी नथ काढली, चष्मा चढवला आणि अर्धं राहिलेलं शब्दकोडं पुढ्यात ओढलं.