नळीवरचं चाक

आमच्या मलकपेठेच्या गल्लीत कुणाला अशक्तपणा आला की ग्लुकोजची बाटली लावून घेतात. बाटली संपली की माणूस उठून घरी येतो. माझ्या बायकोनं जन्मभर हेच पाहिलं होतं.

जुलाबांनी ती पार गळून गेली, म्हणून तिला दवाखान्यात नेलं. हृदय तिचं आधीपासूनच कमजोर. नर्सनं बाटली लावली, नळीवरचं चाक फिरवून थेंब अगदी हळू केले आणि बजावलं, "अम्मा, इसकू हात नक्को लगाओ. जल्दी गया तो शुगर चढती, छाती में पानी भरता."

नर्स गेल्यावर बायको मला म्हणाली, "संध्याकाळपर्यंत अशीच पडू काय? अन् तुम्ही काय राखण करता? साधा कुकर लावता येत नाही तुम्हाला. जा, चहा पिऊन या."

मी खाली हॉटेलात गेलो. ओळखीचा एक जण भेटला, त्यात वेळ गेला. वर येऊन पाहतो तर बाटली रिकामी. चाक तिनंच सैल केलं होतं.

"झालं बघा," ती हसत म्हणाली. "खाटेखालच्या चपला द्या, घरी जाऊ."

मी चपला तिच्या पायाशी ठेवल्या आणि तिला धाप लागली. बसवेना, निजवेना. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. काही उपयोग झाला नाही. ती गेली.

लोक म्हणतात, वय झालं होतं. वय माझंही झालंय. मी मात्र उरलोय, आणि रोज सकाळी उठायचं कशासाठी, हे मला कळत नाही.