चुलत्याला न दिलेलं घर

आमच्या आणि तात्यांच्या घरामधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. गडमुडशिंगीतलं आजोबांचं घर दोघा भावांनी मध्ये भिंत घालून वाटून घेतलं, तेव्हा वर हातभर फट राहिली ती राहिलीच. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागतो. इकडे हळू बोललेलं तिकडे ऐकू जातं. भिंत नेमकी जुन्या स्वयंपाकघरातून गेली आणि खिडकी तात्यांच्या वाट्याला आली. माझ्या आईने बावीस वर्षं खिडकी नसलेल्या अर्ध्या खोलीत स्वयंपाक केला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. म्हणजे मी तरी ऐकलं नाही.

म्हणून पाचगावला एक विकाऊ घर बघायला गेलो आणि ती तिथल्या ओट्यासमोर उभी राहिली, तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. खाली दोन खोल्या, वर एक खोली, पुढे थोडी मोकळी जागा. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या, मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. आईने किंमत विचारली नाही, पाणी किती वेळ येतं विचारलं नाही. ओट्यासमोरच्या खिडकीतून बाहेर बघत तिने एवढंच विचारलं, "सकाळचं ऊन हितनं येतं व्हय?"

"दहा वाजेपर्यंत असतं," बाई म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. पप्पा फौंड्रीत कामाला आहेत. त्यांच्या हाताच्या रेषांत काळी माती कायमची बसलेली आहे. ते तळहात बघत म्हणाले, "घ्यायचं मग."

आठवड्याभरात इसार दिला. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. इसार पावती मीच मोठ्याने वाचून दाखवली, कारण आमच्या घरात असे कागद वाचणारी मी पहिलीच. मुदत सप्टेंबर अखेरपर्यंत. तोपर्यंत उरलेली रक्कम दिली नाही तर व्यवहार रद्द आणि इसार परत मिळणार नाही. ते वाक्य वाचताना माझा आवाज जरा अडखळला होता. पण उरलेली रक्कम आमचं घर विकून येणार होती, आणि गावठाणातलं, रस्त्यालगतचं घर महिन्याभरात जाईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही.

चूक आम्ही त्याच दिवशी केली. आमच्यात कुठलीही चांगली गोष्ट थोरल्या भावाच्या कानावर घातल्याशिवाय झाली असं धरत नाहीत. पप्पांनी वाटेत पेढे घेतले आणि आमच्या दारात चप्पल न काढता थेट तात्यांकडे गेले. मी मागे होते.

"इसार दिला बघा दादा, पाचगावला. सप्टेंबर अखेरची मुदत हाय."

"आणि हे घर?"

"इकायचं. त्याशिवाय कुठनं आणायचे?"

तात्यांनी पेढा तोंडात टाकला. "इकलं काय पण?"

"न्हाय अजून. होईल की."

"व्हय व्हय. होईल की," तात्या म्हणाले आणि आणखी एक पेढा घेतला. कुणाला कधीपर्यंत किती निकड आहे, हे आम्ही आमच्या हाताने त्यांना सांगून आलो होतो. वर पेढे देऊन.

पहिलं गिऱ्हाईक लगेच आलं. विमानतळावर नोकरी करणारा एक जण आणि त्याची बायको. त्यांना घर पसंत पडलं, किंमतही ठरली. बँकेने कागद मागितले आणि तिथे अडलं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून दोघा भावांची नावं एकत्रच होती. वाटणी तोंडी झालेली. तात्यांच्या संमतीची सही हवी होती, बाकी काही नाही. एक सही.

पप्पा सांगायला गेले. तात्या म्हणाले, "आषाढ लागलाय. आषाढात कोण घराच्या कागदावर सही करतंय व्हय? श्रावण लागू दे."

श्रावणात म्हणाले, सोमवारी माझा उपास असतोय, आणि बाकीचे दिवस शेतात चिखल. भाद्रपद लागला तेव्हा म्हणाले, गणपती बसल्यात, पाहुण्यांची ये-जा, गणपती गेल्यावर निवांत बसू. गणपती गेले की दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा, हे त्यांना माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. तरी पप्पा प्रत्येक वेळी तिकडून येऊन "करतो म्हणालेत" असंच सांगायचे. भावाबद्दल यापलीकडे काही सांगायची त्यांना सवयच नव्हती. विमानतळवाला माणूस सभ्य होता. तो गौरी यायच्या आधी फोन करून म्हणाला, "काका, आम्ही दुसरीकडं बघितलंय, राग मानू नका."

इथपर्यंत मला तात्यांचा राग आला नव्हता, असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो साधा राग होता. खरी गोष्ट गौरीच्या दिवशी घडली.

तात्यांच्या मुलाचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडची, नेसरीची मंडळी गौरी-गणपतीच्या निमित्ताने घर बघायला आली होती. आई पुरणपोळ्या लाटत होती आणि मी भाजत होते. इतक्यात नेसरीच्या पाहुण्यांतली एक बाई, मुलीची मावशी असावी, विचारल्याशिवाय आमच्या स्वयंपाकघरात आली. तिने आमच्याकडे नाही, भिंतीकडे बघितलं. बोटांनी वाजवून बघितली.

"ही भिंत पाडली की मोठी खोली हुतीया की," ती मागे वळून कुणाला तरी म्हणाली. मग माझ्या आईच्या डाव्या खांद्याकडे हात करून, "आणि हितं फ्रीज बसंल."

आईचं लाटणं थांबलं. बाईने विचारलं, "तुमी कवा जाणार पावणं?"

"बघूया," आई म्हणाली आणि पोळी पूर्ण केली.

तेव्हा मला सगळं दिसलं. तात्यांनी आमचं घर मुलाच्या नावाने सांगून टाकलं होतं. आम्ही आमचं घर विकण्याआधी दुसरं धरलं, आणि त्यांनी आमचं घर घेण्याआधी ते सोयऱ्यांना दाखवलं. ते फक्त मुदत संपत यायची वाट बघत होते. तव्यावरची पोळी करपली. मी ती काढून तशीच ताटात ठेवली. त्या क्षणी मला पाचगावचं घर आठवलं नाही. मला एवढंच वाटलं, की ह्या माणसाला हे घर मिळता कामा नये.

मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या आमच्या मॅडमना मी हे सगळं विचारलं. बोलताना फार चाचरले, कारण घरातलं बाहेर सांगायची लाज वाटत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "वाटणीचा दावा लावता येतो. पण निकालाला वर्षं जातील. महिन्याभरात काही होणार नाही. तडजोड करा." हे मी लक्षात ठेवलं. पुढे जे केलं ते लक्षात असताना केलं.

मुदतीला दहा दिवस राहिले असताना तात्या स्वतः आले. पितृपंधरवडा चालू होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. खाली बसले, पाणी प्यायले.

"बाहेरचा कोण घेत न्हाय आता," ते म्हणाले. "मीच घेतो. भाऊ अडचणीत हाय म्हटल्यावर मला बघवंना."

त्यांनी आकडा सांगितला. विमानतळवाल्याने ठरवलेल्या किमतीच्या निम्म्याहून जरासा वर.

मी म्हणाले, "तात्या, पितृपंधरवड्यात सही चालते का?"

"घरातल्या घरात कसला आलाय पंधरवडा?" ते हसले. "मॅडम लईच शिकल्या की."

आई दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि पप्पांना म्हणाली, "देऊन टाका. दोन्ही म्हशी इकू. माझं गळ्यातलं हाय. तुमच्या फंडातनं काय निघतंय ते काढा. जमतंय. मी मोजलंय." तिने खरंच मोजलं होतं. कधी, कुठे, मला माहीत नाही. तिच्या चेहऱ्यावर तात्यांबद्दल काहीही नव्हतं. तिला ते घर हवं होतं, आणि त्याच्यासाठी तात्यांना पाहिजे ते द्यायची तिची तयारी होती.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी आईकडे नाही, थोरल्या भावाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं हाय?"

मी म्हणाले, "द्यायचं नाही. ह्यांच्या सहीची गरजच नाही. कोर्टातून होतं. मी विचारलंय कॉलेजात. आणि पाचगावच्या बाई मुदत वाढवून देतील, मी बोलते त्यांच्याशी."

माझा आवाज अजिबात थरथरला नाही. एरवी वर्गात हजेरी द्यायलाही मला नीट तोंड उघडता येत नाही.

"कोर्टात," तात्या म्हणाले. "सख्ख्या चुलत्याला कोर्टात नेतीस व्हय गं?"

"तुम्ही नेसरीच्या पाहुण्यांना काय सांगितलंय ते आधी पप्पांना सांगा."

पप्पांनी विचारलं, "काय सांगितलंय?" तात्यांनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला. मग पप्पा उठले आणि तात्यांच्या हातात त्यांची पिशवी दिली. "न्हाय जमायचं दादा. पोरगी शिकलीया, तिला कळतंय."

तात्या उंबरा ओलांडून गेले तेव्हा मला जो आनंद झाला तसा मला कधीच झाला नव्हता. बारावीच्या निकालाला नाही, कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा नाही. मी मुद्दाम भिंतीशी जाऊन, फटीखाली उभी राहून आईला म्हणाले, "हे घर आपण कधीच विकायचं नाही, काय?" पलीकडे कुणीतरी भांडं ठेवता ठेवता थांबल्याचं ऐकू आलं.

पाचगावच्या बाईंनी मुदत वाढवून दिली नाही. मी दोनदा गेले. त्या वाईट नव्हत्या. त्यांचंही पुण्याचं ठरलेलं होतं, आणि दुसरं गिऱ्हाईक दारात होतं. इसार गेला. सप्टेंबर संपला.

नेसरीची मंडळी दिवाळीआधी मागे हटली. "राहायला जागा न्हाय तर पोरगी कुठं द्यायची?" असं म्हणाले म्हणे. मी हे ऐकलं तेव्हा पुन्हा तोच आनंद झाला, थोडा कमी. कारण त्या संध्याकाळी चुलतभाऊ आमच्या दारात येऊन उभा राहिला. माझ्या प्रवेशाच्या वेळी त्यानेच मला मोटरसायकलवरून कॉलेजला नेलं होतं आणि दिवसभर बाहेर थांबला होता.

"मी काय केलतं गं?" एवढंच त्याने विचारलं.

"तुला माहीत होतं ना, ते घर कुणाचं आहे?"

"व्हय," तो म्हणाला, आणि गेला. त्याच्या 'व्हय'मुळे मला थोडं बरं वाटलं. तेवढ्यावर मी बरेच दिवस काढले.

पण आईशी मला खोटं बोलवेना. एकदा गोठ्यात ती धार काढत असताना मी सांगितलं, की कोर्टातून दहा दिवसांत काही होत नसतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. तिचा हात थांबला नाही.

"आणि मुदत?"

"ती मी उगाच म्हणाले. बाईंना विचारलंच नव्हतं."

"मग का म्हणालीस?"

"त्यांना मिळू नये म्हणून."

बादलीत धार पडत राहिली. पुढे चार-पाच दिवस ती कामापुरतंच बोलली. मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. मागितली असती तर तात्यांना घर द्यायला हवं होतं असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मला आजही कबूल नाही.

डिसेंबरात तात्या पुन्हा आले. ह्या वेळी पिशवी नव्हती, एकच कागद होता. संमतीपत्र, सही केलेलं. ते खाली बसले नाहीत. "घ्या," म्हणाले. "ज्याला इकायचं त्याला इका. मला काय नको तुमचं." त्यांना आता आम्ही शेजारी नकोच होतो, हे स्पष्ट दिसत होतं. फटीतून रोज आमचा आवाज ऐकायचा, आणि त्या आवाजाबरोबर मोडलेलं लग्न आठवायचं.

पप्पांनी कागद हातात घेतला आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"तिला काय इचारताय?" आई आतून बाहेर आली. पदराला हात पुसत तिने पप्पांच्या हातातला कागद काढून घेतला आणि तात्यांना परत दिला. "भावजी, हे असू दे तुमच्याकडं. आमी कुठं जात न्हाय."

"आता तर सही केलीया की."

"व्हय. उशिरा केलीसा. आता मरंस्तवर हितंच हाय आमी. रोज तोंड बघा आमचं."

तात्या कागद घेऊन गेले. मी आईकडे बघून हसले असेन, कारण मला वाटलं, शेवटी ती माझ्या बाजूला आली. तिने माझं हसणं बघितलं.

"तू हसू नकोस," ती म्हणाली. "तू कॉलेज शीक. नोकरीला लाग. पर माझ्या घराचं परत तू बोलायचं न्हाय."

मग ती आत गेली आणि दिवा लावून स्वयंपाकाला लागली. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.