पाचवी सुई

विणकामाची पाचवी सुई ती अंबाड्यात खोवायची. पाव अर्धाच खायची. उड्डाणाआधी कॉफीचे तीन थेंब पाचामामाच्या, धरणीमातेच्या, नावानं सांडायची आणि लगेच टिपूनही घ्यायची. तेरा हजार फुटांवरच्या एल आल्तो शहराचा चढ बोलत बोलत चढायची.

बेनिता कोंदोरी एकवीस वर्षं विमानात प्रवाशांची देखभाल करत होती. जोडीला लिस्बेत, सांता क्रूसच्या सखल मुलखातली, नोकरीत सात महिन्यांची. एल आल्तोच्या विमानतळावर लिस्बेत धापा टाकत थांबली की बेनिताला चेव यायचा.

"पोरी, तुझी फुफ्फुसं केळीच्या बागेतली. इथं बटाट्याच्या शेतातली लागतात."

"आणि मावशी, तुमची काय पत्र्याची?"

"पत्रा गंजतो गं."

त्या मंगळवारी सांता क्रूसला निघालेलं विमान पुरतं वर पोचलं आणि भोंगा वाजला. आतल्या हवेचा दाब उतरला होता. छतातून मास्क खाली आले. लिस्बेतनं शिकवल्याप्रमाणे आधी स्वतःचा लावला, जागेवर बसून पट्टा आवळला. चौदाव्या रांगेवरचं झाकण मात्र उघडलंच नाही. त्याखाली एक आजोबा आणि त्यांची नात, दोघं वर बघत होते.

बेनिता उठली.

"मावशी, आधी तुमचा!" लिस्बेत मास्कमधून ओरडली.

"मी एल आल्तोची आहे."

तिथली सगळी माणसं असंच म्हणतात. पण विमान एल आल्तोच्या दुपटीहून जास्त उंचीवर होतं.

तिनं अंबाड्यातली सुई उपसली, झाकणाच्या फटीत घातली. एकदा. दोनदा. झाकण पडलं. नातीला मास्क लावला, मग आजोबांना. तिसरा तिच्या कानाशी लोंबत होता. तो धरायला तिनं हात उचलला. हात भलतीकडेच गेला. ओठ निळे पडले होते आणि ती हसत होती. मग ती हळूच खाली बसली, काही सांडलेलं टिपायला बसावं तशी.

खाली डोंगर होते. ते सरेपर्यंत वैमानिकाला फार खाली येता येईना. लिस्बेत पट्ट्याच्या कडीवर हात ठेवून बसून राहिली. नियम तोच होता.

सांता क्रूसला नात आपल्या पायांनी उतरली. बेनिताला चौघांनी उतरवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात सोडून दिला.

तिची पिशवी लिस्बेतकडे आली. आत अर्धा पाव. आणि म्हाताऱ्या बापासाठी घेतलेली लोकरीची टोपी, चार सुयांवर तशीच. एका कानाची झाप झालेली. दुसरीचे अकराच टाके घातलेले.