झालरीचं कव्हर

दादा, म्हणजे माझे वडील, मांडीचं हाड मोडून खाटेवर पडले आणि नेमकी आमची पहिलारू गाय व्यायला आली. त्यांचा हात पाठीवर असल्याशिवाय आमच्याकडे एकही गाय व्यालेली नाही. "खाट उचला अन् गोठ्यात टाका," असा त्यांनी धोशाच लावला.

डॉक्टरांनी हलायला बंदी केली होती. म्हणून मी पत्त्याच्या कॅटाएवढा एक उघडा कॉम्प्युटर गोठ्यातल्या खांबाला बसवला, त्याला कॅमेरा जोडला आणि चित्र थेट खाटेसमोरच्या टीव्हीवर आणलं. दादा गाय बघत जेवू लागले. मीही जरा भाव खाऊन घेतला.

पण दुपार झाली की चित्र अडकायचं. शेवगावचा उन्हाळा, वर पत्रा. टीव्हीवर गायीची शेपटी हवेतच थांबलेली. "अगं, मेली का काय ती?" दादा ओरडायचे आणि मी पळत सुटायचे. गाय निवांत रवंथ करत असायची.

एकदा अशीच पळत गेले, तर आईनं कॉम्प्युटरला झगा घातलेला! आमच्या घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कुणीच उघडं राहत नाही. नवी वस्तू आली की आईचं शिलाई मशीन सुरू होतं. हे कव्हर जुन्या गुलाबी साडीचं होतं, खाली झालर लावलेलं.

"भुसा बसतुया त्याच्यावर, म्हनून शिवलं," आई म्हणाली.

रागवावं की हसावं कळेना. कव्हर काढून खुंटीला अडकवलं, चिपला बोट लावलं आणि चटका बसला. मला नवलच वाटलं. नखाएवढा काळा चौकोन, जागचा हलत नाही, नुसतं गायीकडे बघून एवढा तापला होता! फार तापला की तो आपणच काम मंद करतो, म्हणून चित्र अडकायचं. कव्हर काढूनही पत्र्याखाली भागेना, तेव्हा नगरहून हीट सिंक आणला. म्हणजे उष्णता ओढून घेणारा, कंगव्यासारख्या पात्यांचा ॲल्युमिनियमचा तुकडा. तो चिपवर चिकटवला, वर बिस्किटाएवढा पंखा लावला. स्क्रीनवर तापमान भराभर उतरू लागलं. रोज कॉम्प्युटरवरच पोट भरणारी मी, पण एवढ्याशा वाऱ्याची ती करामत तोंडाचा आ करून बघत बसले.

गाय व्यायला लागली ती ऐन दुपारी. आई गोठ्यात धावली, मी दादांपाशी थांबले. आता चित्र अडकतंय, मग अडकतंय, म्हणून माझा जीव टांगणीला. पण ते अडकलं नाही. आधी खूर दिसले, मग नाक, मग अख्खं वासरू गवतावर घसरलं.

"कालवड हाय! अगं, नाक पूस तिचं आदी, नाक!" दादा टीव्हीवरच्या आईला ओरडून सांगत होते. तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

आईनं इकडंतिकडं पाहिलं, खुंटीवरचं ते गुलाबी कव्हर ओढलं आणि वासराचं नाक-तोंड पुसायला लागली.

मी वळून दादांकडे पाहिलं. त्यांचा हात चादरीवरून फिरत होता, आईच्या हातासोबत.