करीमचाचांची शेवटची आसारी

इथे मागे कुणीतरी विचारलं होतं, तुमच्या शहरातली तुमची आवडती गल्ली कोणती आणि का? मी उत्तर लिहायला बसले आणि ते भलतीकडेच गेलं... म्हणून या गूढ अनुभवांच्या विभागात टाकतेय.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. लग्न होऊन नगरला आले तेव्हा तर मी इतकी शहाणी होते की शेजारणीच्या अंगात आलं, तर तिला थर्मामीटर लावायला गेले. ताप निघाला नाही. तिने मला लाथ घातली. आता वाटतं, एक कमीच घातली.

आमची गल्ली तोफखान्याच्या बाजूला. शहराचं नाव कागदावर बदललं, आमच्या तोंडात नगरच. मुलगा सावेडीत फ्लॅट घेऊन राहतो. तिथे लिफ्ट आहे, पार्किंग आहे, आणि शेजारी कोण राहतं हे विचारायला वॉचमनकडे जावं लागतं. आमच्याकडे गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. कोथिंबीर मागायला निघालेली बाई गच्चीवरून चौथ्या घरात उतरते आणि येताना तिथली भांडणं घेऊन येते.

पण गल्लीची खरी ओळख म्हणजे मांजा. थंडी सुरू झाली की करीमचाचा खांबाखांबांना सुती दोरा ताणायचे, गुलाबी, हिरवा, पिवळा. भाताची खळ, रंग आणि कुटलेली काच फडक्यात धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. दीड महिना अख्खी गल्ली कमरेत वाकून जायची. नवरीसुद्धा, मयतसुद्धा.

मी राहात्याच्या पेरूच्या बागेतून आलेली, बी.ए. झालेली. बायकांनी वाकून चालायचं म्हणजे मागासलेपणा, असं माझं मत. सासूबाई वाकून पुढे गेल्या, मी ताठ मानेने गेले. दोरा गळ्याशी आला आणि पटकन तुटला. हनुवटीखाली गुलाबी रेघ, साडीला गुलाबी खळ, आणि माझं बी.ए. पाहायला सगळी गल्ली ओट्यावर.

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "घाबरू नका वहिनी, सुती हाय. पतंगाला कापतो, पन माणूस आडवा आला की आपनच तुटतो."

पुढे त्यांनीच मला पतंग शिकवला. आमचे हे आसारी धरायचे, म्हणजे दोरा गुंडाळलेली ती बांबूची फिरकी, आणि मी पेच लावायचे. ढील कधी द्यायची, खेचायचं कधी, हे मला स्वयंपाकापेक्षा चांगलं येतं. घरचे याला दुजोरा देतील.

मग नायलॉनचा मांजा आला. त्यावर बंदी आहे हे सगळ्यांना माहीत, आणि तो कुठे मिळतो हेही. आमच्या गल्लीत तो विजूकडे मिळायचा. दुकानात पुढे मोबाईलची कव्हरं, मागे नायलॉनच्या चकऱ्या. लहानपणी माझ्या हातची पुरणपोळी खाऊन वाढलेला हा विजू. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं पोरगं त्याचंच गिऱ्हाईक, मग बोलणार कोण?

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी चाचा सायकलवरून घरी येत होते. रस्त्यावर कटलेल्या पतंगाचा नायलॉन लोंबत होता. तो काही तुटला नाही... दवाखान्यात पोहोचायच्या आत चाचा गेले.

पोलीस आले, दुकान पाहिलं, कव्हरं सापडली. माल आदल्या रात्रीच हलला होता. मी जबाब द्यायला पुढे झाले तर म्हणाले, आजी, तुम्ही त्याला विकताना पाहिलं का? पाहिलं नव्हतं. नुसतं माहीत होतं.

विजू मातीला आला होता. चाचांची बायको, हमीदाआपा, तिच्यासमोर हात जोडून म्हणाला, "नशिबात हुतं आपा. कोन काय करनार?"

आपा काही बोलली नाही. पण ते वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं, लोणच्यासारखं.

पुढच्या संक्रांतीला विजू गच्चीवर. स्पीकर लावलेला, गॉगल घातलेला, हातात नायलॉन. आजूबाजूच्या सगळ्या सुती पतंगांची कत्तल करून ओरडत होता, "हाय का कोन अजून?"

माझा गुडघा दुखतो. तरी मी गच्च्या ओलांडत आपाकडे गेले. म्हटलं, "आपा, चाचांच्या हातचं काही शिल्लक आहे का?"

तिने ट्रंकेतून एक आसारी काढली. पांढरा दोरा. चाचा स्वतःसाठी बिनरंगाचा मांजा करायचे, हे मला ठाऊक होतं. मी बोटांना नेहमीप्रमाणे चिकटपट्टी गुंडाळली, आपाने पांढऱ्या पतंगाला कन्नी बांधून दोरा जोडला आणि आसारी धरून माझ्यामागे उभी राहिली.

एक सांगते. सुती मांजा नायलॉनला कापत नाही. मी चाळीस वर्षं पतंग उडवतेय, मला जिंकायचं नव्हतंच. मला फक्त त्याच्या समोर उभं राहायचं होतं.

विजूने पाहिलं. "आजी, गुडघा सांभाळा. खाली हळदीकुंकू चालू हाय, तिकडं जा."

"तुझा पतंग सांभाळ," मी म्हटलं.

पेच लागला. मी ढील दिली. दोरा हातातून सरसर गेला, मागे आसारी गरगर फिरली... आणि विजूचा पतंग कटला. मला वाटलं त्याची गाठ सुटली असेल. त्यालाही तेच वाटलं. हसत दुसरा चढवला. तो कटला. तिसऱ्याला हसला नाही. मग चकरी बदलली, मग भावाच्या हातात दिली. एकामागून एक कटत गेले. आणि वारा गावाबाहेरच्या दिशेने असताना प्रत्येक कटलेला पतंग फिरून येऊन आपाच्या गच्चीवर पडत होता. मी सांगतेय म्हणून नका मानू, अर्धा तोफखाना गच्चीवर होता.

एकेक गच्चीवरचा स्पीकर बंद झाला. शेवटी विजूचाही. गल्ली इतकी गप्प मी चाचांच्या मातीलाच पाहिली होती.

तेव्हा आपा पहिल्यांदा बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नशिबात हुतं, विजू."

मी खाली बसले. बोटांची चिकटपट्टी सोडवली. एरवी एका पेचात तिच्या चिंध्या होतात. त्या दिवशी तिच्यावर एक ओरखडा नव्हता. मी आसारीवरचा दोरा दोन बोटांत धरून ओढून पाहिला. गुळगुळीत. रजई शिवायला घ्यावा तसा.

आपा म्हणाली, "कोरा हाय वहिनी. काच लावायच्या आधीच गेले ते."

"तुला माहीत होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आन् मला बी बघायचं हुतं."

विजूचे पतंग मी तपासले. गाठी शाबूत. नायलॉन मधेच तुटलेला, ब्लेडने कापावा तसा सरळ. भाच्याने, जो इंजिनिअर आहे, घर्षण, उष्णता वगैरे सांगितलं. नायलॉन गरम होऊन वितळतो म्हणे. एखादा वितळेल बाबा. सगळेच? आणि वाऱ्याचं काय? तो म्हणाला, मावशी, वाऱ्याचं मला सांगता येणार नाही.

त्यानंतर विजूचा पतंग टिकला नाही. त्याने दोरा बदलला, गच्ची बदलली. त्याच्या बायकोने मला सांगितलं, सोनईला सासुरवाडीच्या मोकळ्या रानात, आभाळात दुसरा पतंग नसताना त्याने उडवला. वर गेला आणि कटला. आता ज्याचा स्वतःचा पतंग टिकत नाही त्याच्याकडून मांजा कोण घेणार? नायलॉनचा धंदा बसला. पोलिसांना जमलं नाही ते झालं.

यंदा संक्रांतीला तो माझ्याकडे आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "आजी, काय केलंय तुमी? पाया पडतो, सोडवा आता."

"मी कुठे काय केलं? मी तर बी.ए. आहे," मी म्हटलं.

तरुणपणी मी त्याला अंधश्रद्धेवर अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. आता मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यासोबत जे म्हणायचं असतं ते म्हटलं नाही. तो तिळगूळ घेऊन गेला. वाईट वाटलं का, असं सूनबाईने विचारलं. मी लाडवाचं प्रमाण चुकलं का ते पाहत होते.

हे सगळं कसं झालं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा, मी वाचेन, पटेलच असं नाही. ती आसारी आपाच्या ट्रंकेत आहे, दोरा तसाच कोरा. आम्ही दोघी दर संक्रांतीला गच्चीवर चटई टाकून बसतो आणि विजूच्या गच्चीकडे बघतो. आसारी मात्र काढत नाही.

गरजच पडत नाही.